उजव्या हाताची सवय

आमच्या उपकेंद्रात मोबाइलला रेंज येत नाही. ती येते गावाबाहेर, मारुतीच्या देवळामागच्या खडकावर, आणि तीही उभं राहिलं तर. बसलं की जाते. एप्रिल २०२० मध्ये या खडकावर आमचं ऑनलाइन शिक्षण सुरू झालं.

अकोले तालुक्याचा हा पश्चिमेकडचा भाग. कळसूबाईच्या अंगाचे डोंगर, भाताची खाचरं, महादेव कोळी आणि ठाकर वस्ती. माझ्याकडे चार गावं आणि अकरा वाड्या. टाळेबंदी लागून तीन आठवडे झाले असतील, तालुक्याच्या ग्रुपवर मेसेज आला : सर्व आरोग्यसेविका, आरोग्यसेवक आणि आशा यांनी ‘दीक्षा’वरचं कोविड प्रशिक्षण दोन दिवसांत पूर्ण करून स्क्रीनशॉट टाकावा. दीक्षा हे नाव मी शाळेच्या गुरुजींकडून ऐकलं होतं. २०१७ पासून ते मास्तरांचं अ‍ॅप. कोविड आल्यावर सरकारनं त्याच्यावरच ‘आयगॉट’ नावानं डॉक्टर, नर्स, आशा अशा सगळ्यांचे कोर्स चढवले होते.

मी आणि पाच आशा खडकावर उभ्या. दोघींकडे साधे फोन, एकीच्या फोनची काच तडकलेली. माझ्या फोनवर नाव, हुद्दा, जिल्हा सगळं भरलं आणि ओटीपी येईना. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. मग माझ्या मुलाचा फोन आला, “आई, तुझे चार ओटीपी आलेत इकडे.” कार्यालयात माझा जुना नंबर होता आणि तो नंबर आता मुलगा वापरत होता. तो चाकणला कंपनीच्या खोलीत अडकलेला. तिकडून तो आकडे ओरडायचा, इकडे मी दाबायची, तोवर त्यांची मुदत संपलेली असायची. पाचव्या वेळी जमलं. आशा टाळ्या वाजवायला लागल्या. मी म्हटलं, थांबा, अजून धडा उघडायचाय.

धडे हिंदी-इंग्रजीत होते. संरक्षक किट कसं चढवायचं, कसं उतरवायचं, उतरवताना कोणत्या टप्प्याला हात धुवायचे, हे मी चार वेळा पाहिलं. किट तेव्हा आमच्याकडे नव्हतं. आमच्याकडे आशांनी घरी शिवलेले कापडी मास्क होते. तरी व्हिडिओ चांगला होता, खोटं का बोलू? हात धुण्याचे टप्पे तर मी त्यातूनच पक्के केले. सव्वीस वर्षांच्या नोकरीत अंगठा वेगळा चोळायचा असतो हे मला ठाऊक नव्हतं असं नाही, पण मी चोळत नव्हते.

शेवटी प्रश्नपत्रिका. तीन आशांची प्रश्नपत्रिका माझ्या भाचीनं सोडवली. ती बारावीची, टाळेबंदीत माझ्याकडे अडकलेली. आशा तेव्हा मुंबईहून आलेल्या लोकांच्या याद्या करत वाड्या फिरत होत्या आणि वरून दर दोन तासांनी विचारणा होत होती, किती जणींचं झालं? भाचीला तिन्ही वेळा वीसपैकी वीस पडले. आमच्या उपकेंद्राचं काम तालुक्यात पहिलं शंभर टक्के झालं आणि ग्रुपवर माझं अभिनंदन झालं. मी हात जोडल्याचं चिन्ह टाकलं. आज हे लिहिताना लाज वाटते, तेव्हा वाटली नव्हती. तेव्हा सुटल्यासारखं वाटलं होतं.

ज्यांनी आशांची प्रशिक्षणं पाहिली आहेत त्यांना हे जास्त लागेल. आशांचं सहावं-सातवं मॉड्यूल वीस दिवसांचं असायचं, पाच-पाच दिवसांच्या चार फेऱ्या. बायका घर सोडून यायच्या, एकत्र राहायच्या. कापडाची बाहुली, झोळीचा वजनकाटा, थर्मामीटर, सेकंदकाट्याचं घड्याळ. बाळाच्या पोटाकडे बघत पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. साठ किंवा त्याहून जास्त आले तर धोका. हे सगळं मूळचं आपल्या गडचिरोलीचं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’नं ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून घरच्या घरी बाळांची काळजी घेतली, तिथले नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले आणि १९९९ मध्ये ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. ज्यांना साठपर्यंत मोजता येत नव्हतं त्यांच्यासाठी तिथं मण्यांचं श्वासमापक केलेलं होतं. शिकवणाऱ्यानं शिकणारीच्या हाताकडे किती बघितलं असेल! आम्हाला खडकावर जे आलं त्यात आमचा हात बघायला कुणी नव्हतं. हातच कशाला, आम्हीच आहोत की आमची भाची, हेही बघायला कुणी नव्हतं.

त्याचा अनुभव सप्टेंबरात आला. १५ तारखेला ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम सुरू झाली. घरोघर जाऊन ताप बघायचा आणि बोटाला ऑक्सिमीटर लावून ऑक्सिजन बघायचा. ९५ च्या खाली आला तर पुढे पाठवायचं. ऑक्सिमीटरचा व्हिडिओ मोजून दोन मिनिटांचा होता : बोटात घाला, बटण दाबा, आकडा लिहा. पहिल्याच दिवशी वरच्या वाडीतून आशाचा निरोप आला, एका घरात तिघीजणी ७८, ८१ आणि ७६. वाडीत कल्लोळ. एक म्हातारी रडायला लागली, घरातले तिला दवाखान्यात न्यायला तयार नाहीत, कारण तेव्हा दवाखान्यात नेलेला माणूस परत येत नाही अशीच सगळ्यांची समजूत.

मी वर पोचले तर तिघीही चुलीपाशी बसून गप्पा मारत होत्या. दम नाही, ओठ निळे नाहीत. दिवसभर पावसात खाचरात गवत काढून आलेल्या, बोटं बर्फासारखी थंड. म्हातारीच्या नखांवर गौरीची मेंदी अजून होती. आशाच म्हणाली, “बाई, हात शेकून बघू का?” तिघींनी चुलीवर हात शेकले, चोळले, पाच मिनिटांनी परत लावलं. ९७, ९६, ९७. मेंदीचं बोट सोडून दुसऱ्या हाताचं धरलं होतं. त्या रात्री खडकावर जाऊन मी आमच्या बायकांच्या ग्रुपवर बोलून टाकलं, लिहिलं नाही, आवाजच पाठवला : आधी हात शेका, मेंदीचं बोट टाळा, माणसाकडे बघा, मग आकड्याकडे. दुसऱ्या दिवशी शेजारच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या सिस्टरनं तोच आवाज मला ‘महत्त्वाची सूचना’ म्हणून परत पाठवला. कुठं कुठं फिरून आला होता कोण जाणे.

लसीकरणाचं सांगत बसत नाही. १६ जानेवारी २०२१ ला लस सुरू झाली, त्याआधी सगळं प्रशिक्षण पडद्यावरच झालं. कोव्हिशील्डच्या दोन डोसांमधलं अंतर आधी २८ दिवस, मार्चमध्ये सहा ते आठ आठवडे, मेमध्ये बारा ते सोळा आठवडे. प्रत्येक वेळी नवीन मेसेज, नवीन बैठक आणि केंद्राच्या दारात भांडायला तीच जुनी माणसं. एवढं मात्र खरं, की तेवढ्या वेगानं तेवढ्या लोकांना सांगायला मोबाइलशिवाय दुसरा उपाय नव्हता. पूर्वीसारखं जिल्ह्याला बोलावून शिकवलं असतं तर लस आमच्याकडे दिवाळीत आली असती.

पुढे ऑनलाइन कोर्सांची सवयच लागली. कधी क्षयरोग, कधी रक्तदाब-मधुमेह, कधी बायोमेडिकल कचरा. आमच्या नोंदणीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण असतं, त्याला शिक्षणाचे तास दाखवावे लागतात. डॉक्टरांचंही तसंच, पाच वर्षांत ३० गुण. त्यामुळे तास जमवायची घाई सगळ्यांनाच. व्हिडिओ चालू ठेवून भाजी चिरणाऱ्या सिस्टर मला माहीत आहेत. त्यातली एक मीच. रात्री जेवणं झाल्यावर पावणेदहाला खडकावरून उतरवून आणलेला व्हिडिओ लावायचा, आवाज बारीक, नवरा झोपलेला. अर्ध्या वेळेला मीही झोपलेली. सकाळी उठून प्रश्नपत्रिका सोडवली की प्रमाणपत्र. माझ्याकडे अशी एकतीस प्रमाणपत्रं आहेत. पहिली चार-पाच मी तालुक्याला जाऊन रंगीत छापून आणली होती.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले त्याच्याकडे येते.

२०२२ च्या पावसाळ्यानंतर आमच्या तालुक्यात बाळंतपणं करणाऱ्या सिस्टरांसाठी महिन्यातून एकदा पडद्यावरचं सत्र सुरू झालं. तिसरा गुरुवार, दुपारी अडीच. आम्ही चौघी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हॉलमध्ये टीव्हीसमोर बसायचो, बाकीच्या आपापल्या जागेवरून. पलीकडे शहरातल्या एक स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडम. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, मी पंधरा मिनिटं बोलेन, उरलेला वेळ तुमचा. दर वेळी एका सिस्टरनं आपली एक केस सांगायची.

ही पद्धत त्यांची नव्हती, ‘इको’ची होती, हेही त्यांनीच सांगितलं. अमेरिकेत न्यू मेक्सिकोत डॉ. संजीव अरोरा म्हणून यकृताचे डॉक्टर. हेपॅटायटिस सीचे पेशंट लांबून लांबून यायचे, महिनोन्‌महिने नंबर लागायचा नाही. २००३ मध्ये त्यांनी उलटं केलं. पेशंटला आणायच्या ऐवजी खेड्यातल्या डॉक्टरांना आठवड्यातून एकदा पडद्यावर बोलावलं आणि म्हणाले, तुमचा पेशंट सांगा, आपण मिळून बघू. २०११ मध्ये निकाल छापून आले. विद्यापीठाच्या दवाखान्यात ५७.५ टक्के बरे झालेले, खेड्यांत आणि तुरुंगांत तिथल्याच डॉक्टरांच्या हातून ५८.२ टक्के. मला त्या गोष्टीत सगळ्यात आवडलं ते तुरुंगाचं.

पहिल्या तीन सत्रांत कुणी खरं बोललं नाही. केसेस सांगितल्या, पण अशा सांगितल्या की सगळं वेळेवर झालेलं, सगळी औषधं दिलेली. मॅडमनी ऐकून घेतलं. चौथ्या सत्राला माझा नंबर आला. मीही तशीच तयारी केली. सांगायला केस पण झकास होती. माझी शाबासकी ठरलेली होती.

ऑगस्टमधली रात्र. ठाकरवाडीची पहिलटकरीण, वीस वर्षांची. ओढ्याला पाणी आलेलं, गाडी पुढे जाईना म्हणून बाळंतपण उपकेंद्रातच करायचं ठरलं. सासू आणि मोठी जाऊ सोबत. पहाटे तीनला बाळ झालं, मुलगी, दोन किलो सातशे, लगेच रडली. मी एका मिनिटाच्या आत मांडीत ऑक्सिटोसिनचं दहा युनिटचं इंजेक्शन दिलं. दहा मिनिटांत वार पडली, उलटसुलट करून बघितली, पूर्ण होती. पण रक्त थांबेना. सलाइन लावलं, पॅड दाबून धरला, मदतनीस मावशीच्या नवऱ्याला खडकावर पिटाळून १०८ ला फोन लावायला सांगितला. तोवर पाणी उतरलं होतं, पन्नास मिनिटांत गाडी आली. ग्रामीण रुग्णालयात टाके पडले आणि तिसऱ्या दिवशी माय-लेकी घरी आल्या. म्हणजे रक्तस्राव ओळखला, वेळेत पुढे पाठवलं, जीव वाचला. मी असं सांगून थांबले.

मॅडम म्हणाल्या, “छान केलंत सिस्टर. इंजेक्शन दिल्यावर पोटावर हात ठेवून बघितलंत? गर्भाशय कसं होतं?”

“घट्ट. नारळासारखं.”

“वार पूर्ण, गर्भाशय घट्ट. मग रक्त कुठून येत होतं?”

“फाटलं होतं मॅडम.”

“किती?”

मी सांगितलं. बरंच होतं.

“बाळ तर मोठं नव्हतं. का फाटलं असेल?”

“पहिलटकरीण होती.”

“बरोबर, असतं तसं. पण शेवटची दहा मिनिटं मला परत सांगा. औषधं नका सांगू. तुमचे हात कुठे होते तेवढंच सांगा.”

आता इथे मला खोटं बोलता आलं असतं. जमलंही असतं. पण त्यांनी हात कुठे होते असं विचारल्यावर मला माझा हात दिसला. डावा खाली होता. उजवा, कोपरापासून मनगटापर्यंत सगळा, त्या पोरीच्या पोटावर आडवा. डोकं दिसत होतं आणि पुढे सरकत नव्हतं, ती थकली होती, सासू म्हणत होती, “बाई, दाबा की वरून.” सासूनं म्हणायचीही गरज नव्हती. मी तीस वर्षं दाबत आले होते.

“उजवा हात पोटावर होता. दाब दिला मी.”

हॉलमध्ये आवाज नाही. आमचे वैद्यकीय अधिकारी सर मागे बसून काहीतरी सह्या करत होते. ते उठले आणि बाहेर ओपीडीचे लोक बसले होते तिकडचं दार त्यांनी लावून घेतलं. परत येऊन सह्या करायला लागले.

मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी विचारलं, “हे कुणी शिकवलं तुम्हाला?”

मी एएनएमचा, म्हणजे आरोग्यसेविकेचा कोर्स केला तो अठरा महिन्यांचा होता. १९९२ साली जिल्ह्याच्या एका मोठ्या दवाखान्यात आमची लेबर रूमची ड्युटी लागायची. टेबलं दोन आणि बाया सात-आठ. एक टेबलावर, एक खाली सतरंजीवर, बाकीच्या भिंतीला धरून उभ्या. तिथल्या मोठ्या सिस्टरना आम्ही देव मानायचो. त्यांनी माझा उजवा हात धरून एका बाईच्या पोटावर ठेवला आणि वरून स्वतःचा हात ठेवून दाबला. “असं. म्हणजे टेबल मोकळं होतं.” तो दाब माझ्या हातात बसला. पुढे मी एकटी उपकेंद्रात आले. तिथं टेबल एक आणि बाई एक, कुणालाही घाई नाही. पण हाताची घाई गेली नाही. मी एसबीएचं, म्हणजे कुशल बाळंतपणाचं एकवीस दिवसांचं प्रशिक्षण केलं, वह्या भरल्या, दाबू नये हे तिथं सांगितलं असणार, मी लिहूनही घेतलं असेल. वहीचं हाताला कळलं नाही.

मॅडमनी मग शांतपणे सगळं सांगितलं. वरून दाबल्यानं खाली फाटतं, कधी गर्भाशयालाच इजा होते, बाळालाही होते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये बाळंतपणाच्या शिफारशी काढल्या त्यात हे करू नये असं स्पष्ट आहे. पहिलटकरणीला शेवटच्या टप्प्याला तीन तासांपर्यंत वेळ लागू शकतो, बाळाचे ठोके नीट असतील आणि पुढे सरकत असेल तर थांबायचं. तुमच्यासारख्या ठिकाणी मात्र ठोके बिघडले किंवा बाळ सरकतच नसेल तर तीन तास पुरे व्हायची वाट न बघता गाडी बोलवायची. मी मान हलवत होते. कान गरम झालेले. मनात एकच, आता हे सगळ्या तालुक्याला कळणार.

तेवढ्यात टीव्हीच्या कोपऱ्यात एक ओळ आली. आमच्या सत्रात खरी नावं फार कमी जणींची दिसतात. कुणाचं ‘रेडमी नोट’, कुणाचं ‘विवो’, एकीचं ‘पप्पा’. त्या पप्पानं लिहिलं होतं, “मी पण दाबते.” मग रेडमी. “आम्ही पण.” मग आणखी एक, “सासू ऐकत नाही मॅडम, दाबावंच लागतं.” सत्र संपेपर्यंत सव्वीसपैकी अकरा जणींनी लिहिलं. चाळीस मिनिटं वाढली त्या दिवशी. आधीच्या तीन सत्रांत कुणी एक प्रश्न विचारला नव्हता.

समोरासमोरच्या वर्गात हे झालं असतं का, याचा मी पुष्कळ विचार केला. झालं नसतं असं मला वाटतं. तिथं शेजारी ओळखीची माणसं असतात, चहाच्या वेळी कुजबुज होते. पडद्यामागून, पप्पाच्या नावानं, एका बाईला खरं लिहिता आलं. ऑनलाइनचा हा गुण मला कुठल्या प्रमाणपत्रात सापडला नव्हता. आणि तो गुणही मॅडमनी ‘तुमचे हात कुठे होते’ असं विचारलं म्हणून कामाला आला. व्हिडिओला तसं विचारता येत नाही. त्याच्या प्रश्नपत्रिकेत मी ‘पोटावर दाब द्यावा : चूक’ यावर बरोबर खूण केली असती.

कळलं म्हणून जमतं असं नाही. पुढच्या बाळंतपणाला माझा उजवा हात आपोआप पोटाकडे गेला. मी मागे घेतला, परत गेला. म्हणून मी एक युक्ती केली. कळ आली की उजवा हात त्या बाईच्या हातात द्यायला लागले. ती असा काही आवळते की दुसरीकडे न्यायची सोयच नाही. डोकं पुरतं दिसेपर्यंत हात तिच्याकडे, मग पॅड घेऊन खाली आधाराला.

आधार मात्र मला येत नव्हता. मॅडमनी पडद्यावर बाहुलीवर दाखवला, मी व्हिडिओ मागून घेतला, खडकावर उभी राहून सात-आठ वेळा पाहिला. तरी किती दाब द्यायचा, कधी सोडायचा, हे बघून कळत नाही. शेवटी दोन दिवसांची किरकोळ रजा टाकली आणि ग्रामीण रुग्णालयात दोन रात्री जाऊन उभी राहिले. तिथली स्टाफ नर्स माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. पहिल्या बाळंतपणाला तिनं माझ्या हातावर हात ठेवला. “मॅडम, एवढा नाही. एवढाच.” दोन रात्रींत पाच बाळंतपणं झाली. पाचव्या वेळी तिनं हात ठेवला नाही, नुसती शेजारी उभी राहिली. या दोन रात्रींचे तास कुठे धरले जात नाहीत. मी विचारून बघितलं. त्याला कोर्सचा क्रमांक लागतो.

जाताजाता आमच्या वाडीच्या जुन्या दाईचं सांगते. आता ती बाळंतपण करत नाही, पण सुनांबरोबर येते. एका सत्रात मॅडम म्हणाल्या होत्या, बाईला आडवंच झोपवायला पाहिजे असं नाही, तिला उकिडवं बसावं वाटलं, कुशीवर वळावं वाटलं, तर करू द्या. मी हे दाईला उत्साहानं सांगितलं. तिनं तंबाखू मळत ऐकलं आणि म्हणाली, “मंग आमी आढ्याला दोर बांधून काय करत व्हतो? तुमीच आडवी पाडली.” मला उत्तर सुचलं नाही. पुढच्या सत्रात तिचं वाक्य मी केससारखं सांगितलं. मॅडमनाही सुचलं नाही.

पुढच्या वर्षी मी निवृत्त होते. माझ्या जागेच्या तयारीत असल्यासारखी एक नवीन मुलगी कंत्राटी आरोग्यसेविका म्हणून आली आहे. चलाख आहे. व्हिडिओ दीडपट वेगानं लावते, मला त्यातलं निम्मं कळत नाही, तिला सगळं कळतं. तिला पोट दाबायची सवयच नाही, कारण तिला कुणी लावली नाही. गेल्या महिन्यात एका आजीबाईंनी तिच्यावर आवाज चढवला, “नवीन दिसतीयस, दाबता येत नाही का?” ती म्हणाली, “येत नाही आजी.” आणि बाईच्या हातात हात देऊन बसली. हे तिला मी कधी सांगितलं नव्हतं, तिनं बघितलं असणार.

कोर्स तयार करणाऱ्यांना माझं एक मागणं आहे. वीस प्रश्न नका देऊ, एकच द्या : तुमची गेल्या महिन्यातली एक केस सांगा आणि हात कुठे होते ते सांगा. मराठीत विचारा. आवाजात उत्तर पाठवू द्या, आम्हाला टाइप करायला वेळ लागतो. आणि ऐकायला पलीकडे कुणीतरी माणूस बसवा. शंभर जणींना एक नका बसवू, पंचवीस जणींना एक पुरे. ग्रामीण रुग्णालयातल्या दोन रात्रींना एखादा क्रमांक द्या, मग कुणाला रजा टाकावी लागणार नाही.

खडकाजवळ आता टॉवर होणार म्हणतात. खड्डा खणून दीड वर्ष झालं, त्यात पावसाचं पाणी साठलंय आणि डासांच्या अळ्यांसाठी दर आठवड्याला आमचे आरोग्यसेवक भाऊ तिथं औषध टाकतात.

येत्या गुरुवारी अडीचला सत्र आहे. या वेळी केस त्या नवीन मुलीची आहे. आठवडाभर वहीत लिहिते आहे, मी जवळ गेले की पान उलटते. केस कोणती, ते तिनं मला अजून सांगितलेलं नाही.